पाचव्या नावानंतर

मे महिन्यातल्या एका सकाळी मी एका अनोळखी बाईशी खोटं बोलले, आणि ते खोटं पुढचे पाच महिने माझ्या मानगुटीवर बसून राहिलं. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यात, नाइट ड्यूटी संपवून घरी चालले होते. रात्री पाऊस पडून गेलेला, बांधावरचं हॉथॉर्न पांढरंफेक फुललेलं, आणि कुणीतरी शेतात स्लरी मारल्यामुळे सगळ्या शिवाराला गोठ्याचा वास. मला कोकणातलीला हा वास घरचा वाटतो, पर्यटक मात्र काचा वर करतात. समोरून एक भाड्याची गाडी आली आणि डावीकडच्या चरात एक चाक जवळजवळ घालूनच थांबली. डावीकडून चालवायची सवय नाही, म्हणजे चालवणारं माणूस अमेरिकन. काच खाली झाली. साठीची बाई, नवाकोरा रेनकोट, शेजारच्या सीटवर प्लॅस्टिकची जाडजूड फाइल. ‘तुम्ही इथल्या नसाल हे दिसतंयच,’ ती संकोचत म्हणाली, ‘पण रस्त्यावर दुसरं कुणीच नाही.’ तिने एक कागद पुढे केला. त्यावर एक आडनाव, आणि खाली एका टाउनलँडचं नाव. ते नाव बहुधा कानावर पडलं तसं उतरवलेलं, कारण त्याची तीन वेगवेगळी स्पेलिंगं होती.

टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी समजा. आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांहून जास्त वाड्या आहेत. कित्येकींच्या नावाची पाटीसुद्धा कुठे लागलेली नसते. २०१५ साली एअरकोड नावाचा पिनकोड येईपर्यंत खेड्यातल्या घराचा पत्ता म्हणजे आडनाव, वाडी आणि पोस्टमनची स्मरणशक्ती. त्यातून मूळ नावं आयरिश भाषेतली, ती इंग्रज नकाशेवाल्यांनी त्यांना ऐकू आली तशी लिहिली, आणि मग एखाद्या मुलीने ती अमेरिकेत आपल्या लेकीला सांगितली, लेकीने तिच्या लेकीला. कागदावरची तिन्ही स्पेलिंगं चुकीची होती. तरी मी ते नाव वाचलं मात्र आणि ओळखलं. तासाभरापूर्वी त्याच आडनावाच्या, त्याच वाडीच्या माणसाच्या हातात मी चहाचा कप देऊन आले होते.

आणि मी म्हणाले, ‘नाही हो. मला नाही माहीत.’

मी वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये काम करते. आत कोण राहतं, हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम आणि तो योग्यच आहे. त्यामुळे मी नियमाने वागले. पण नियमाने वागायचं तर ‘मला सांगता येणार नाही’ असं म्हणावं लागतं, आणि तसं म्हटलं की अर्धं सांगितल्यासारखंच होतं. म्हणून सरळ खोटं. तिला मी किलरशच्या लायब्ररीचा रस्ता सांगितला, चर्चच्या ऑफिसात विचारा म्हटलं, आणि कुणी भेटलं तर कळवीन म्हणून तिचा नंबर बसच्या तिकिटामागे लिहून घेतला. तिने इतक्या मनापासून आभार मानले, की मला घरी जाऊन झोप येईना. (हे सगळं दोघांच्याही परवानगीने लिहितेय. आडनाव आणि वाडी मुद्दाम गाळली आहे.)

क्लेअर परगण्यात अशी माणसं उन्हाळाभर दिसतात. दफनभूमीत गुडघ्यावर बसून दगडावरचं शेवाळ खरवडणारी, पबमध्ये फाइल उघडून बसलेली, दुकानातल्या बाईला ‘आमचे पूर्वज इथलेच’ असं सांगणारी. दुकानातली बाई शांतपणे ‘होय का!’ म्हणते आणि सुटे पैसे मोजते. गावकरी यांना सरसकट ‘यँक’, म्हणजे अमेरिकन, म्हणतात, भले ते ऑस्ट्रेलियाहून आलेले असोत. मला खरं सांगायचं तर पूर्वी त्यांचा थोडा रागच यायचा. मी इथे आले, पाच वर्षांचे कागद जमवले, किलार्नीच्या सभागृहात शेकडो लोकांबरोबर उभी राहून शपथ घेतली आणि नागरिक झाले. ही मंडळी चार दिवसांच्या सुट्टीवर येतात आणि म्हणतात, ‘घरी आलो.’ त्यांना कुणी ‘तुम्ही इथल्या नसाल’ म्हणत नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील तर पासपोर्टही मिळतो. पणजीपर्यंत मागे गेलं की बहुतेकदा दार बंद. त्या बाईची पणजी होती, म्हणजे कागदोपत्री मी तिच्यापेक्षा जास्त आयरिश. हा विचार त्या सकाळी मनात आला, आणि तो आल्याचीही लाज वाटली.

तिची फाइल मी नंतर पाहिली. तेव्हा कळलं की हे काम सुट्टीतली हौस म्हणून होत नाही. अमेरिकेतल्या कागदांवर बहुतेकदा जन्मस्थान म्हणून एकच शब्द असतो, ‘आयर्लंड’. तिला मॅसॅच्युसेट्समधल्या पणजीच्या थडग्यावर ‘क्लेअर परगणा’ एवढं सापडलं होतं, आणि आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं वाडीचं नाव. एवढ्या दोन काड्यांवर अकरा वर्षं. डीएनएची चाचणीही केली होती. जुळणारे नातेवाईक निघाले बॉस्टनच्या आसपास आणि एक ऑस्ट्रेलियात, क्लेअरमध्ये एकही नाही. साहजिकच आहे. जे इथेच राहिले ते कशाला नळीत थुंकून पाठवतील? आपण कोण, हे त्यांना रोज सकाळी कुंपणापलीकडून कुणीतरी सांगतच असतं.

आणि आयर्लंडमध्ये मागे जायचं म्हटलं की वाट जळलेली. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दफ्तरखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. शतकांचे कागद गेले, जळके कपटे शहरावर पडत राहिले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार जनगणना त्यात जवळजवळ संपल्या. पूर्वजांच्या शोधात निघालेला प्रत्येक जण या आगीच्या नावाने बोटं मोडतो, पण आग बिचारी अर्धीच दोषी. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे अर्ज सरकारनेच काम झाल्यावर नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात घातले. कारकुनांनी जे केलं त्याची कुणी आठवण काढत नाही, कारण त्याला धूर नव्हता. उरल्या त्या १९०१ आणि १९११. त्याआधी जायचं तर ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४ या काळात झालेलं. कुणाच्या ताब्यात कुठला तुकडा, मालक कोण, आकार किती. आपला सातबारा वाचता येणाऱ्याला ते लगेच कळतं. आणि चर्चच्या वह्या, ज्यांत पाद्रीबुवांनी लॅटिनमध्ये लिहिल्यामुळे जेम्सचा जाकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मुस. नॅशनल लायब्ररीने त्या वह्या २०१५ मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. काही पानं अशी, की शाई पसरून सगळं गाव पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं.

हे सगळं मी शिकले ते त्या खोट्याच्या टोचणीमुळे. पुढच्या ड्यूटीला रात्री दोनच्या सुमारास, सगळे झोपलेले असताना, मी फोनवर १९११ ची जनगणना उघडली. ती फुकट आहे, कुणालाही पाहता येते. मी कुणाची फाइल उघडली नव्हती, शंभर वर्षांपूर्वीचा सरकारी कागद उघडला होता, तरी दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून डोकावल्यासारखं वाटलं. त्या वाडीत त्या आडनावाचं एकच घर. गवती छप्पर, समोरच्या भिंतीला तीन खिडक्या. खिडक्या मोजायलासुद्धा अर्जात रकाना होता, आणि मोजणारा माणूस पोलीस शिपाई. म्हातारा, म्हातारी, आणि एकोणतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा. नवरा-बायको ‘आयरिश आणि इंग्रजी’ बोलणारे. म्हाताऱ्याची सही नाही, फुली.

मग १९०१ चा अर्ज उघडला आणि हसू आलं. १९०१ मध्ये म्हातारा अठ्ठावन्न वर्षांचा, १९११ मध्ये एकाहत्तर. दहा वर्षांत तेरा वर्षं. म्हातारी तर चोपन्नाची एकोणसत्तर. असं अख्ख्या आयर्लंडात झालं आहे. १९०८ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, सत्तर पूर्ण असतील तर आठवड्याला पाच शिलिंग. जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये, म्हणजे सत्तरीच्या कुणाकडेच दाखला असण्याची शक्यता नव्हती. मग पुरावा काय? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री मोठं वादळ आलं होतं. ज्याला त्या वादळाची आठवण, तो सत्तरीचा. एकाएकी गावोगावच्या म्हाताऱ्यांना त्या रात्रीचा वारा आठवू लागला. आमच्या आजीचा जन्म ‘प्लेगच्या सालानंतरच्या आवणात’ झाला होता. तिला आयर्लंडात पेन्शन नक्की मिळाली असती.

१९११ च्या अर्जात आणखी एक रकाना आहे, जो बायकांसाठीच होता. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, आणि आज किती हयात आहेत. म्हातारीच्या पुढे आकडे होते ४१, ११, ९.

नऊ हयात. घरात एक. म्हणजे आठ बाहेर.

त्या क्षणी मी कॉरिडॉरच्या दिव्याखाली बसले होते आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती आठ नावं मी दीड वर्ष रोज रात्री ऐकत होते. त्या सकाळी ज्यांच्या हातात चहाचा कप दिला ते आजोबा (इथे नव्वदीच्या माणसालाही एकेरी नावाने हाक मारतात, माझी जीभ अजून वळत नाही, मनात मी त्यांना आजोबाच म्हणते) रात्री साडेनऊला जपमाळ ओढतात. जप संपला की थोडा वेळ शांतता, मग एकेक नाव, संथ, कुणाला तरी हजेरी घेतल्यासारखं. पाच नावं. थांबा. पुटपुटणं. मग तीन नावं, आणि वेगळं पुटपुटणं. सुरुवातीला मला वाटायचं, ही हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, कुठल्यातरी जुन्या संघाची यादी. क्लेअरमध्ये माणूस देव विसरेल, हर्लिंगचा संघ विसरणार नाही. पुढे कळलं की हर्लिंगला पंधरा लागतात. मग वाटलं, म्हातारपणी नावं निसटू नयेत म्हणून भावंडं घोकत असतील. पण विचारलं कधीच नाही.

मॅनेजरबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार, त्यांची नाती त्यांची आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाय शेकताना, मी विचारलं. अमेरिकेहून एक बाई आली होती, तुमच्या वाडीचं, तुमच्या आडनावाचं घर शोधत. मला वाटलं चेहरा उजळेल. आजोबांनी पाय पाण्यातून काढून घेतला.

‘तिला काय हवंय?’

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता, मालवणीत. मी नववीत होते. बाबा तीस वर्षं मुंबईत, गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पण बोलण्यात सतत कुडाळजवळचं आमचं मूळ घर. पडवी, माजघर, मागचा रातांबा. बाबांच्या वडिलांनी वाटणीचं भांडण नको म्हणून घर सोडलं होतं आणि पुन्हा कुणी गेलंच नव्हतं. एका मेमध्ये बाबा आम्हाला घेऊन निघाले. एसटीतून उतरून पाणंदीने चालत गेलो. बाबांच्या हातात मुंबईचा सुतरफेणीचा पुडा, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की मला त्यांच्याकडे बघवेना. चुलतकाकू दारात आल्या. पाणी दिलं, गूळ दिला, पंख्याखाली बसवलं, आणि मग अगदी गोड आवाजात विचारलं, ‘मोजणीक इलास काय भावजी?’ बाबा म्हणाले, ‘नाय गो, घर बघूक इलंय.’ काकू हसल्या. कुणी तीस वर्षांनी नुसतं घर बघायला येतं का? काका खळ्यात उभे राहून कुणाला तरी निरोप धाडत होते. संध्याकाळपर्यंत तीन भाऊबंद येऊन बसले, सगळे चांगलं बोलले, फणस कापला, आणि आम्ही परत निघालो तेव्हा वाडीने सुटकेचा निःश्वास टाकलेला मला पाठीमागून ऐकू आला. बाबांनी पुन्हा घराचा विषय काढला नाही.

त्यामुळे आजोबांचा मला राग आला नाही. पश्चिम क्लेअरमधली ही जमीन म्हणजे दुष्काळानंतर उरलेल्यांनी घट्ट धरून ठेवलेली जमीन. बटाट्याच्या दुष्काळाआधी, १८४१ मध्ये, या परगण्यात २ लाख ८६ हजार माणसं होती. १९११ मध्ये १ लाख ४ हजार. किलरशच्या परिसरात दुष्काळातच खंड थकला म्हणून हजारो लोकांची घरं पाडली गेली. त्यातून जगलेल्यांनी एक शिकून घेतलं, जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. एकाच मुलाला शेत, एखाद्या मुलीला हुंडा, बाकीच्यांना बोटीचं तिकीट. आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत, गाणी, नाच, दारू, आणि पहाटे आईचा हंबरडा. या निरोपाला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे प्रेताजवळची रात्र. पोरगी समोर बसलेली असताना तिचं प्रेत राखायचं. मग पोरगी जाऊन मोलकरणीचं काम करी, पैसे पाठवी, त्यातून धाकटीचं तिकीट निघे. आणि जो शेत धरून मागे राहिला त्याला काय मिळालं? आईबाप, कर्ज, पाऊस. आईच्या हयातीत घरात सून आणायला जागा नाही. आजोबांचे वडील १८८२ चे. त्यांची आई वारली १९२६ मध्ये, आणि लग्न झालं शेहेचाळिसाव्या वर्षी. आजोबा शेंडेफळ, १९३६ चे. इतकं उशिरा सगळं झाल्यामुळे मधल्या पिढ्या गळून गेल्या. या हिशेबाने ते त्या बाईच्या आजीचे सख्खे मामेभाऊ लागतात. इंग्रजीत या नात्याला ‘फर्स्ट कझिन ट्वाइस रिमूव्ह्ड’ म्हणतात, ऐकून वाटतं कुणीतरी दोनदा घराबाहेर काढलंय. आपल्याकडे आजीचा मामेभाऊ म्हटलं की लग्नात कुठल्या पंगतीला बसवायचा तेही ठरलेलं.

आजोबांनी अकरा दिवस काही उत्तर दिलं नाही. ती बाई चौथ्या दिवशी परत गेली होती.

त्या अकरा दिवसांत मी उगाच इकडचं तिकडचं वाचत बसले. सगळ्यात जास्त डोक्यात राहिली ती ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारं केंद्र, उघडलं तेव्हा पहिली पायरी चढलेली कॉर्कची मुलगी. कोव्हच्या बंदरावर तिचा भावंडांसह पुतळा आहे, तेव्हा त्या गावाला क्वीन्सटाउन म्हणत. वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की ती पुढे पश्चिमेकडे टेक्सासात गेली, आणि तिथल्या ॲनी मूरच्या वंशजांचा समारंभात सन्मानही व्हायचा. २००६ मध्ये शोध लागला की टेक्सासची ॲनी अमेरिकेतच जन्मलेली, वेगळीच. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून कधी बाहेर गेलीच नव्हती आणि १९२४ मध्ये तिथेच वारली. मला टेक्सासच्या त्या कुटुंबाचं वाईट वाटलं. त्यांनी खोटं काहीच केलं नव्हतं, फक्त एक आजी मनापासून आपली मानली होती.

आणि लोक विचारायचे ते वराडबद्दल. मी कोकणातली म्हटलं की इथे हमखास, ‘म्हणजे लिओच्या गावची?’ लिओ वराडकर, आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर, आई वॉटरफर्डमधल्या डंगारव्हनची नर्स. २०१९ च्या डिसेंबरात ते सगळ्या कुटुंबाला घेऊन वराडला गेले, तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं, ओवाळणी, हार, फोटो. मी ते इथे बसून फोनवर पाहिलं आणि रडले, कशासाठी ते विचारू नका. मात्र एक विचार आलाच. पंतप्रधान म्हणून आलेल्याला ‘मोजणीक इलास काय’ असं कुणी विचारलं नसणार. बराक ओबामांचंही तेच. मनीगॉल या चिमुकल्या गावातून १८५० मध्ये गेलेल्या एका पूर्वजाच्या जोरावर ते २०११ मध्ये आले, आणि आता त्या गावाबाहेर हमरस्त्यावर त्यांच्या नावाचा पेट्रोल पंप आणि खाणावळ आहे. मोठा होऊन परतलेला नातेवाईक कुणालाही हवाच असतो. प्रश्न फाइल घेऊन रस्त्यावर एकटी उभी असलेल्या बाईचा असतो.

बाराव्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी मला हाक मारली. ‘तिच्या पणजीचं नाव काय? आडनाव नव्हे, पहिलं नाव.’ मी सांगितलं. ते खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘सातवी.’ आणि मग मला त्या यादीचा अर्थ सांगितला. घराघरात रात्री जपमाळ व्हायची, सगळे गुडघ्यावर, खुर्चीत तोंड खुपसून. मूळ जप संपला की ‘ट्रिमिंग्ज’, म्हणजे पदराला लावलेली झालर. आजारी गाईसाठी एक, पावसासाठी एक, आणि पलीकडे गेलेल्यांसाठी. त्यांच्या आजीने ही आठ नावं लावून दिली होती, वडिलांनी चालू ठेवली, वडील गेल्यावर यांनी. ज्याच्या मृत्यूची बातमी आली त्याचं नाव पहिल्या गटात जायचं, आत्म्याला शांती मिळो या प्रार्थनेकडे. ज्याची बातमीच आली नाही तो दुसऱ्या गटात, देव त्याला सांभाळो. पाच जणांची बातमी आली. तिघांची नाही. ‘मला समजतं ग,’ ते म्हणाले, ‘१८७५ साली जन्मलेलं माणूस आज कुठे असणार. पण मला कुणी कळवलं नाही ना.’

मला आमच्या गावच्या देवळातलं गाऱ्हाणं आठवलं. गावकार हात जोडून उभा, नारळ ठेवलेला, आणि खर्जातला आवाज, ‘…जे चाकरमानी पोटासाठी मुंबैक गेले हत, त्येंका सुखात ठेव रे म्हाराजा!’ आणि मागून सगळ्यांचं एकदम, ‘व्हय म्हाराजा!’ त्या ‘व्हय’मध्ये आमचे काका-काकूही असणार. मोजणीला आलो की काय म्हणून धास्तावलेले, आणि तरी वर्षानुवर्षं आमच्यासाठी व्हय म्हणणारे.

आजोबांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. तीन ओळी. मी तुझ्या आजीचा मामेभाऊ लागतो. हिवाळ्याआधी ये. फोटो आण. बाकी काही घालायचं नाही म्हणाले. पत्रासोबत माझ्या वेगळ्या कागदावर मी माझी कबुली लिहिली. तिचं उत्तर आलं त्यात माझ्यासाठी एवढंच होतं, की तुमचा चेहरा त्या दिवशी खोटं बोलताना फार वाईट दिसत होता. त्या जुलैत क्लेअरने हर्लिंगचं अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं, नर्सिंग होममध्ये दोन दिवस कुणी झोपलं नाही, आणि आजोबांना छातीत कफ झाला. ऑगस्टभर मी रोज त्यांच्या श्वासाकडे कान लावून असायचे.

ऑक्टोबरमध्ये ती आली. तोच रेनकोट, आता थोडा मळलेला. बैठकीच्या खोलीत आम्ही दोन खुर्च्या खिडकीशी लावल्या, चहा, ब्राउन ब्रेड, मुरंबा. शेत आता ज्याच्याकडे आहे तो भाचाही आला होता, दाराशी उभा, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तिने फोटो काढून आजोबांच्या हातात दिला. पांढरा ॲप्रन, घट्ट बांधलेले केस, कुणाच्या तरी श्रीमंत घराच्या मागच्या पायऱ्या. आजोबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि विचारलं, ‘कधी?’

‘गुरुवारी,’ ती म्हणाली. ‘शॅननवरून बॉस्टनचं विमान.’

‘तू नव्हे,’ आजोबा म्हणाले. ‘ती.’

तिला समजायला थोडा वेळ लागला. ‘१९५१,’ ती म्हणाली. ‘नोव्हेंबर.’

‘चांगला महिना,’ आजोबा म्हणाले. नोव्हेंबर हा यांचा पितरांचा महिना, घरोघरच्या मृतांच्या नावांची यादी पाकिटात घालून चर्चमध्ये देतात. मग त्यांनी विचारलं, थंडी होती का. तिला माहीत नव्हतं. ‘असणारच,’ ती म्हणाली. बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर पत्रांचा विषय निघाला. तिच्याकडे पिढीजात सांगत आलेले, की आई वारल्यावर भावाने पत्र पाठवणं बंद केलं. आजोबांकडे सांगत, की तिनेच उत्तर दिलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दारातून भाचा म्हणाला, ‘पोस्टमन मेला असेल,’ आणि आजोबा खोकला येईपर्यंत हसले. जाताना भाच्याने तिला घर दाखवायला नेलं, जुन्या घराच्या भिंती अजून गोठ्याच्या मागे उभ्या आहेत. परत आल्यावर तिच्या बुटांना शेण होतं आणि हातात भिंतीतून सुटलेला एक दगड. विमानात नेता येईल का, हे ती मला विचारत होती. किल्ली अजूनही भाच्याच्या बोटात फिरत होती, पण जरा हळू.

त्या रात्री माझीच ड्यूटी होती. साडेनऊला मी नेहमीप्रमाणे औषधं घेऊन दाराशी आले आणि आत न जाता थांबले. माळेचे मणी एकमेकांवर आपटत होते. जप संपला. नावं सुरू झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. आजोबा थांबले नाहीत. सातवीचं नाव आलं, इतर पाचांच्या इतकंच संथ, आणि मग ते थांबले. बराच वेळ थांबले.

मग उरलेली दोन.